शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर

अण्णा, मंगळवारी क्रिमेटोरियममध्ये सगळे तुमच्याबद्दल बोलले. मी, तुमची सून, नाही बोलले. आदल्या दिवशी तुमच्या समीरने विचारलं होतं, "अनघा, तू बोलणार आहेस ना दोन शब्द?" मी काहीच म्हटलं नाही. त्याने ते 'नाही' असं धरलं आणि यादीतून माझं नाव काढून टाकलं. तुम्ही असता तर ते 'हो' धरलं असतं आणि मला पुढे ढकललं असतं. या घरात माझ्या गप्प बसण्याचा अर्थ ज्याला जसा सोयीचा तसा तो लावतो.

इंग्लंडात मेल्यावरही अपॉइंटमेंट लागते, हे तुम्ही नेहमी म्हणायचात आणि आम्ही हसायचो. तुम्हाला बाराव्या दिवसाचा स्लॉट मिळाला. म्हणजे अग्नी बाराव्याला आणि दुसऱ्याच दिवशी तेरावा! गुरुजींना फोन केला तर म्हणाले, "ताई, परदेशात सगळं चालतं." चालतं तर चालतं. मला वाद घालायची ताकद नव्हती. वाद घालायला माझ्याकडे एकच माणूस होता आणि त्याच्याचसाठी तर हे सगळं चाललं होतं.

आता घर रिकामं झालंय. तुमचा धाकटा मंदार ब्रिस्टलला परत गेला, ईशा शाळेत गेलीय, समीर वरच्या खोलीत मीटिंगमध्ये आहे. मी स्वयंपाकघरातल्या आपल्या टेबलाशी बसलेय आणि समोर युनिव्हर्सिटीची मेल उघडी आहे. दुसऱ्या वर्षाचं रजिस्ट्रेशन राहिलंय. त्यांनी लिहिलंय, "शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही, तर तुम्ही कोर्स सोडलात असं आम्ही समजू." शुक्रवार आज आहे. मेल वाचून मला आधी हसू आलं आणि मग जे रडू आलं ते क्रिमेटोरियममध्येही आलं नव्हतं. का, ते तुम्हाला सांगायला नको. पण आज सांगणारच आहे. गप्प बसून बसून माझा जीव थकलाय.

लॉ करायचं खूळ माझं पुण्यापासूनचं, पण त्याला पाणी घातलंत ते तुम्ही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी माझ्या शिक्षणाची गत. बीकॉम झालं आणि लग्न झालं. इथे आले, ईशा झाली, मग जीपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर चिकटले. एकदा फॉर्म भरला, तर त्याच महिन्यात आईंना स्ट्रोक आला. पुढची तीन वर्षं त्यांचं सगळं घरीच केलं. उचलणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं. कोणी मला विचारलं नव्हतं की तू करशील का. मीही म्हटलं नव्हतं की करीन. आई खालच्या खोलीत आल्या आणि मी करायला लागले. माझी कंबर तेव्हापासून जी धरली ती धरलीच.

आई गेल्यावर वर्षभराने तुम्ही कुठूनसा प्रॉस्पेक्टस आणलात आणि याच टेबलावर ठेवलात. म्हणालात, "आता तू शिक. घराचं खूप झालं." मी म्हटलं, "अण्णा, मी सेहेचाळीस वर्षांची घोडी." तुम्ही म्हणालात, "मग काय, शर्यतीत धावायचंय का तुला? बसून वाचायचंय." आयुष्यात तोपर्यंत मला इतकं सरळ कोणी काही दिलं नव्हतं. हे मी तेव्हा बोलले नाही. चहा टाकला.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर दोन मुली उठून विचारायला आल्या, आज कुठला चॅप्टर घेणार? त्यांना मीच लेक्चरर वाटले! घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की कानातलं मशीन बाहेर पडलं. मग म्हणालात, "सांगून टाकायचंस की, पहिला." आणि खरंच पहिला चॅप्टर तुम्हीच घेतलात. माझं कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे करारांच्या कायद्याचं, पुस्तक मी उघडायच्या आत तुमच्या उशाशी जाऊन बसलं. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देण्यात गेली, रिटायर झाल्यावर सुडोकूत जीव रमेना, आणि त्यात हे सापडलं. प्रस्ताव, स्वीकार, मोबदला. तुम्ही पेन्सिल घेऊन शब्दाचा कीस पाडायचात. शेवटी मी तुमच्यासाठी जुनी आवृत्ती वेगळी विकत घेतली, कारण माझ्या पुस्तकाच्या कडेला तुमची मतं वाचून माझा गोंधळ व्हायला लागला होता.

मंगळवार-गुरुवार दुपारी चार वाजता तुमचं ट्युटोरियल. आल्याचा चहा आणि दोन खारी, हा तुमचा मोबदला. आमच्या पेपरात गोष्टीसारखे प्रश्न असतात. कोणीतरी कोणालातरी काहीतरी कबूल करतं, मग फिस्कटतं, आणि शेवटी लिहिलेलं असतं, अमक्याला सल्ला द्या. ही गोष्ट तुम्हाला फार आवडली. तुम्ही घरातलेच प्रश्न करायला लागलात. "मंदार ब्रिस्टलहून फोन करतो, दिवाळीला येतो म्हणतो. त्या भरवशावर अनघा चार घाणे चकल्या करते. आदल्या दिवशी मंदारचा मेसेज येतो की जमत नाही. अनघाला सल्ला द्या."

मी म्हटलं, "घरातला शब्द आहे, अण्णा. कायद्याने बांधून घ्यायचा कोणाचाच इरादा नसतो. कोर्ट हात लावणार नाही."

"म्हणजे चकल्या वाया?"

"वाया कुठे? तुम्ही खाल्ल्यात ना."

"मग हा कायदा अर्धवट आहे," तुम्ही म्हणालात. "जिथे माणसं एकमेकांना सगळ्यात जास्त शब्द देतात, तिथूनच हा पळ काढतो." मी चिडून सांगितलं की पळ काढत नाही, घरात घुसत नाही, दोन्हीत फरक आहे. तो वाद आपला राहिलाच.

पण खरा वाद घोड्याचा. एक काका पुतण्याला पत्र लिहितो, तुझा घोडा मी एवढ्याला घेतो, तुझ्याकडून उलट काही कळलं नाही तर घोडा माझा समजेन. पुतण्या उत्तर देत नाही. पुढे लिलाव करणाऱ्याच्या चुकीने तो घोडा भलत्यालाच विकला जातो आणि काका कोर्टात हरतो. गप्प बसणं म्हणजे स्वीकार नाही. शंभरावर वर्षं झाली, पहिल्या वर्षाला प्रत्येक पोराला हा घोडा भेटतोच. तुम्हाला मात्र तो पटला नाही म्हणजे नाहीच.

"पुतण्याच्या मनात हो होतं," तुम्ही टेबलावर बोट आपटून म्हणायचात. "त्याने लिलाववाल्याला सांगितलं होतं, हा घोडा बाजूला ठेव म्हणून. आणखी काय करायला हवं होतं त्याने?"

"काकाला सांगायला हवं होतं."

"काकाला कशाला सांगायला हवं? घरचाच माणूस. मौनं संमतिलक्षणम्!"

"हे लॅटिन नाही, अण्णा. इथे चालणार नाही."

आणि मीच गाढव, तुमचं ऐकून नोव्हेंबरच्या असाइनमेंटमध्ये लिहून बसले की जवळच्या नात्यात मौन हीच संमती मानण्याची रीत असते आणि कायद्याने तिचा विचार करायला हवा. ट्युटरने कडेला लिहिलं, याला आधार काय? मी तो कागद तुमच्यापुढे आपटला. तुम्ही चष्मा वर करून वाचलात आणि म्हणालात, "लिही, आधार अख्खा महाराष्ट्र."

चेष्टेत म्हणालात, पण खोटं कुठे होतं? माझं लग्न त्याच आधारावर ठरलं. आमच्या पुण्याच्या घरी बोलणी चालली होती. कोणीतरी विचारलं, "मुलीला पसंत आहे ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी मान खाली घालून गप्प. तुम्हीच तेव्हा मांडीवर थाप मारून म्हणालात, "मौनं संमतिलक्षणम्! पेढे आणा." माझ्या तोंडात बेसनाच्या लाडवाचा घास होता, अण्णा. मला बोलताच येत नव्हतं. हे मी तुम्हाला वीस वर्षांनी याच टेबलावर सांगितलं, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, मग नंतर तरी सांगायचं." नंतर काय सांगायचं, पेढे वाटून झाले होते. समीर मला पसंत होता, हा माझ्या नशिबाचा भाग.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी विचारली नाही. तीस वर्षं तुम्ही प्रत्येक पेशंटच्या उशाशी उभे राहून विचारलंत, समजलं का, चालेल का, आणि तो तोंडाने हो म्हणेपर्यंत सुईला हात लावला नाहीत. तुम्हीच सांगायचात अभिमानाने. मग घरी आल्यावर ते कुठे जायचं? आईंना कोणी विचारलं होतं का इंग्लंडला यायचंय का म्हणून? त्यात तुम्हाला ऐकू कमी. घरातली निम्मी माणसं बोलून दमायची आणि तुमच्या लेखी संमती देऊन मोकळी व्हायची. आत्ता लिहिताना राग येतोय मला. थोडासाच. जास्त राग करायलाही अंगात जोर लागतो.

मार्चमध्ये तुम्ही बाथरूममध्ये पडलात. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मग निमोनिया, मग तुम्हाला उभंच राहता येईना. पाच आठवडे हॉस्पिटल. माझा दिवस सकाळी ट्यूब ट्रेनने लेक्चर, तिथून वॉर्ड, तिथून घर असा व्हायला लागला. आपलं स्टॅनमोर शेवटचं स्टेशन म्हणून बरं. परत येताना डोळा लागला तरी कोणीतरी हलवून उतरवायचं. मग एक दिवस सोशल वर्कर बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं की दोन वाटा आहेत. घरी न्यायचं तर केअरर दिवसातून चारदा येतील, पण मधल्या वेळात आणि रात्रभर घरचं एक माणूस कायम हवं. नाहीतर नर्सिंग होम. येत्या शुक्रवारपर्यंत कळवा.

घरचं एक माणूस म्हणजे कोण, हे तिथे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. माझी परीक्षा सहा आठवड्यांवर होती.

त्या रविवारी मी एकटीच आले होते. मुगाची खिचडी आणि लिंबाचं लोणचं. तुम्ही दोन घास खाल्लेत, चमचा ठेवलात आणि म्हणालात, "अनघा, मला घरी ने. खालच्या खोलीत पलंग टाका. तिथे ती गेली, मीही तिथेच जाईन." मी डब्याचं झाकण शोधत राहिले. तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत आणि मग तुमचा तो मिश्कील सूर काढलात. "हा माझा प्रस्ताव समज. शुक्रवारपर्यंत तुझ्याकडून उलट काही कळलं नाही, तर मी हो समजेन."

"अण्णा, घोडा काकाला मिळाला नव्हता."

"कारण काका कोर्टात गेला. मी कुठे जातोय?"

मी हसले. तुम्हीही हसलात. नर्सही हसली, तिला काय कळलं कोण जाणे.

सोमवारी आले, तेव्हा ईशाच्या मॉक एक्झॅमबद्दल बोलले. बुधवारी आले, तेव्हा शेजाऱ्यांच्या कुंपणाबद्दल बोलले. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. वाट बघत होतात आणि तुमच्या हिशेबाने सगळं छान चाललं होतं. मी मूग गिळून बसले होते आणि तुम्हाला ते हो वाटत होतं.

समीरला मात्र मी सांगितलं. बुधवारी संध्याकाळी, भांडी लावताना, स्पष्ट. "माझ्याने पुन्हा होणार नाही. मी मोडेन." तो बराच वेळ टॉवेलने एकच ताट पुसत राहिला. मग म्हणाला, "बरं. होमला फोन करतो मी." आणि मग विचारलं, "बाबांना तू सांगशील, का मी सांगू?" मी बोलले नाही. तो समजला मी सांगेन. मी समजले तो सांगेल. आम्ही दोघं तुमच्याच घरची माणसं, अण्णा. तुम्हाला कोणीच सांगितलं नाही.

शुक्रवारी दोन वाजता मी वॉर्डमध्ये आले. तुम्ही पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला होतात. पायजम्यावर तो चॉकलेटी ओव्हरकोट, वरपर्यंत बटणं लावलेला. डोक्यावर टोपी. एरवी एका कानात मशीन घालताना कुरकुर करणारे तुम्ही, दोन्ही कानांत मशीन. मांडीवर पिशवी आणि पिशवीत ते जुनं कॉन्ट्रॅक्टचं पुस्तक. नर्स मला म्हणाली, "ब्रेकफास्टपासून तयार होऊन बसलेत. सून न्यायला येणार आहे, असं सगळ्यांना सांगतायत."

मला आठवतंय, माझ्या हातात डबा होता आणि तो कुठे ठेवावा ते मला सुचत नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी तेव्हाही बोलले नाही. एक शब्द, साधा दोन अक्षरांचा 'नाही', तो माझ्या तोंडातून निघेना. लाडूबिडू काही नव्हतं या वेळी तोंडात.

मग तुम्हीच बोललात. इंग्लिशमध्ये, लेक्चरर बोलावा तसं. "सायलेन्स इज नॉट अ‍ॅक्सेप्टन्स." आणि लगेच मराठीत, "पेपरात हे नीट लिही हं. माझ्यासारखं लिहू नकोस."

आणि कोट काढायला लागलात. तुमच्याने बटण निघेना. मी डबा खाली जमिनीवर ठेवला आणि तुमची बटणं काढली. पाच होती. शेवटचं काढेपर्यंत तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, तो आधारासाठी होता की कशासाठी, ते मला कळलं नाही. विचारलंही नाही.

मे महिन्यात पेपर झाला. तिसराच प्रश्न होता. एक बाई शेजाऱ्याला तिच्या पियानोबद्दल लिहिते, रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर तुम्ही घेतलात असं समजेन. सल्ला द्या. मी तीन पानं लिहिली. घोडा लिहिला, पुतण्या लिहिला, हा नियम कशासाठी आहे तेही लिहिलं. नको असलेल्या गोष्टीला नाही म्हणण्याचं ओझं कोणी कोणावर लादू नये, यासाठी तो आहे. माझा हात एकदाही थांबला नाही, अण्णा. याचीच मला लाज वाटली. बाहेर येऊन बाकावर बसले तर एक मुलगी विचारत होती, तिसरा सोपा होता ना?

होममध्ये तुम्हाला निकाल सांगितला. चौसष्ट. तुम्ही म्हणालात, "सायलेन्सला किती?" मी म्हटलं, वेगळे नाही देत. तुम्ही म्हणालात, "पूर्ण मिळाले असणार." त्यात टोमणा होता का, मी तेव्हापासून शोधतेय. मला वाटतं नव्हता. तुम्हाला टोमणे जमायचे नाहीत, तुम्ही सरळ ओरडायचात.

चार महिने तुम्ही त्या खोलीत राहिलात. खोली चांगली होती, माणसं मायाळू होती, बाहेर गुलाब होते. तुम्ही तक्रार केली नाहीत. मी मंगळवार-गुरुवार चारला थर्मासमधून चहा आणायचे आणि आपण पुढचे चॅप्टर वाचायचो. एका गुरुवारी तुम्ही मध्येच पान उलटून विचारलंत, "प्रस्ताव मांडणारा मेला तर काय होतं गं? हे माझ्या वयाच्या माणसाने आधी वाचायला हवं." मी म्हटलं, "पुढच्या वेळी घेऊ." पुढच्या वेळी तुम्हाला ताप होता. त्यानंतर एका सकाळी, नाश्त्याच्या वेळी, होममधून फोन आला.

तो चॅप्टर मी काल एकटीने वाचला. नियम असा आहे अण्णा, की प्रस्ताव मांडणारा गेला आणि समोरच्याला ते कळलं, की त्यानंतर हो म्हणता येत नाही. म्हणजे आता मी कितीही हो म्हटलं तरी उपयोग नाही. मंगळवारी सगळे मला सांगत होते, तू किती केलंस त्यांचं, तुझ्यासारखी सून मिळायला नशीब लागतं. मी मान खाली घालून उभी होते. तुमचा तो कोट एकाही माणसाला माहीत नाही.

म्हणून आज तुम्हाला सांगते. त्या आठवड्यात माझ्या मनात हो नव्हतं. मी पुतण्यासारखी नव्हते, आतून हो आणि बाहेरून गप्प, तसं नव्हतं. मला नाही म्हणायचं होतं. मला परीक्षा द्यायची होती. मला पुन्हा तीन वर्षं कोणाची कूस बदलायची नव्हती, तुमचीही नाही. आणि सासऱ्यांच्या तोंडावर नाही म्हणायला मला कोणी शिकवलं नाही, म्हणून मी गप्प बसले आणि तुम्हाला सकाळपासून कोट घालून बसवलं. नाही म्हटलं याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हाला ते माझ्या तोंडून ऐकायला मिळालं नाही, याचं वाटतं. आज तुम्ही परत विचारलंत, तरी मी नाहीच म्हणेन, अण्णा. रडत म्हणेन, पण नाहीच.

तुम्हाला ते कळलं होतं ना? कोट काढता काढता कळलं होतं. नाहीतर जन्मभर भांडलेला नियम तुम्ही एका मिनिटात मान्य केला नसता. माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता, म्हणून तुम्हीच वाद हरलात. मला सोडवलंत. त्याबद्दल मी तेव्हा थँक्यूही म्हटलं नाही. आपल्यात म्हणत नाहीत. आज म्हणते.

आता या मेलचं. खरं सांगते, गेले दहा दिवस मी हिला उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. काही करावं लागलं नसतं. नुसतं गप्प बसायचं, पाच वाजले असते आणि सगळं आपोआप संपलं असतं. मी दमलेय, अण्णा. पुस्तक उघडलं की मला ती पिशवी दिसते. मी म्हटलं, नको हे आता. पण तुम्हीच बघा ना, तुम्ही घरी आला नाहीत, कोणासाठी? आणि आता तेच मी गप्प राहून घालवायचं? सोडायचं तर तेही तोंडाने सोडायला हवं. आणि तोंड उघडलं, तर माझ्या तोंडून 'सोडते' येत नाही.

पावणेपाच झालेत. समीर मीटिंग संपवून आत्ता खाली आलाय. किटली लावली, माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि दबकत विचारलं, "मग, करणार आहेस का दुसरं वर्ष?" मी क्षणभर गप्प होते. त्याचा चेहरा पडायला लागला, तो काहीतरी धरून चालणार होता.

"हो," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने की तो दचकला. खालच्या खोलीत तुम्ही मशीन काढून झोपला असतात, तरी तुम्हाला ऐकू आलं असतं.